धरणगावच्या बंद काट्यावरचं शून्य

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो आणि हसतो. 'अमावास्या होती, कुत्री रडत होती' असं सुरू झालं की माझी सटकतेच. माझा आयुष्यभराचा धंदा वजनकाट्यांचा. माणूस खोटं बोलेल, काटा नाही — हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचो आणि भांडणं ओढवून घ्यायचो. पण हा अनुभव मला काट्यानेच दिलाय, त्यामुळे हसून सोडून देता येत नाही. बायको म्हणाली, दुसऱ्यांचे वाचून दात काढता ना, मग स्वतःचा लिहा एकदा. म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून जळगावात एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. ट्रक मोजायचे मोठे काटे बनवायची आमची कंपनी. म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म आणि बाजूच्या खोलीत आकडा दाखवणारं मशीन नि प्रिंटर. कापसाच्या जिनिंग, डाळ मिल, केळीच्या वखारी... सगळीकडे आमचे काटे.

अशा काट्याला दरवर्षी सरकारी पडताळणी करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. मालक लोक हमखास विसरायचे. म्हणून आमच्या साहेबांनी डोकं चालवून मशीनमध्येच एक सोय घातली. मुदत संपली की मशीन स्वतःहून दिवसातून एकदा कागद छापायचं — 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड. रिन्यू.' खाली तारीख, आणि त्या क्षणाला काट्यावर असलेलं वजन. नवीन सर्टिफिकेट आलं की आम्ही जाऊन कोड टाकायचा, कागद बंद. साहेबांना या सोयीचा फार अभिमान होता. आम्हाला मात्र तो निव्वळ डोक्याला ताप, कारण 'हे कागद बंद करा' म्हणून बोंबलणारे फोन आम्ही घ्यायचो.

तसाच एक फोन धरणगावहून आला. एका जिनिंगचे मालक, नाना. सगळे त्यांना नानाच म्हणायचे. पूर्वी काटा बसवायला मीच गेलो होतो, त्यामुळे ओळख होती.

"साहेब, तो काटा रोज दुपारले कागद काढस. या नि बंद करी द्या."

"नाना, सर्टिफिकेट रिन्यू करून घ्या, आपोआप बंद होईल."

"मिल बंद शे ना आते. काटाबी बंद शे. लायसन गयं. काय रिन्यू करू?"

"मग प्लग काढा ना!" माझा आवाज चढलाच. एवढ्यासाठी जळगावहून माणूस बोलावतात!

मग नाना हळूच म्हणाले, "सूनबाई काढू देस नही."

मग सगळं कळलं. नानांचा एकुलता एक मुलगा विलास गेल्या पावसाळ्यात गेला होता. काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, ते पंपाने उपसायला तो उतरला आणि पंपाच्या उघड्या वायरचा शॉक बसला. त्यानंतर नानांनी मिल बंदच केली. विलासची बायको शोभा, माहेर धुळ्याचं. ती दिवसभर त्या काट्याच्या खोलीत बसून असायची. कागद निघेपर्यंत जेवायची नाही. आणि आता काही दिवसांपासून ती दुपारी झाकण उघडून खाली खड्ड्यात जाऊन बसायला लागली होती.

"खाले पाणी शे साहेब. आज घोट्याइतलं शे... उद्या?" नाना म्हणाले. "तिना भाऊ तिले लेवाले येणार शे धुळाथीन. ती म्हनस, कागद येस तवलोंग मी जाणार नही. तुम्ही तो कागद बंद करा. ते पोर वाचाडा."

माझा राग तिथेच उतरला. मला विलास आठवत होता. काटा बसवला तेव्हा प्रत्येक स्क्रू कशाला, प्रत्येक वायर कुठे जाते, असं विचारून विचारून त्याने मला पिडलं होतं. सकाळच्या एसटीने निघालो.

जिनिंग गावाबाहेर. फाटकापासून आत चालत जाताना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. हंगामात तिथे मशीनच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि आता तर माझ्या चपलांचा आवाज मलाच नकोसा वाटत होता. खिडक्यांच्या जाळ्यांना जुना कापूस तसाच चिकटलेला. उन्हात काट्याचा प्लॅटफॉर्म तापून पडला होता, आणि त्याच्या कोपऱ्यातलं झाकण अर्धवट उघडं होतं.

काट्याच्या खोलीत शोभा बसली होती. मी तिला त्यांच्या लग्नानंतर एकदा पाहिलं होतं, चांगली हसरी मुलगी. आता ओळखू येईना. साडी पायाकडे ओली.

"भाऊ, तुम्ही बंद करायला आलात ना?" ती म्हणाली. चिडून नाही. अगदी साधं, चहा घेणार का विचारावं तसं.

मी काहीतरी पुटपुटलो आणि कामाला लागलो. प्रिंटरच्या मागे कागदांचा ढीग पडला होता. कागद संपला की तीच नवा लावत होती. प्रत्येकावर तेच. सर्टिफिकेट एक्स्पायर्ड. रिन्यू. वजन : ०. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, रिकामा काटा शून्यच दाखवणार.

कोड टाकला. मशीनने 'ऑफ' दाखवलं. काम फत्ते, असं म्हणून मी पेचकस पिशवीत टाकला... आणि प्रिंटर सुरू झाला. खर्र, खर्र. सर्टिफिकेट एक्स्पायर्ड. रिन्यू. वजन : ०.

ठीक आहे, होतं असं. पुन्हा कोड टाकला, पुन्हा 'ऑफ'. मग मी तारीखच दोन वर्षं मागे नेली. म्हणजे मशीनच्या हिशोबाने सर्टिफिकेट अजून चालू! हसलो मनात, आता कर काय करतोस ते. नाना दाराशी चहा घेऊन आले होते. कप हातात घेतला तोच पुन्हा खर्र, खर्र. आणि कागदावर तारीख त्या दिवसाची! मी मागे नेलेली नाही. खरी.

मी शोभाकडे पाहिलं, तर ती कागद फाडून नीट घडी घालत होती.

मी मेनचा प्लग उपटला. आता आमच्या मशीनला आत बॅटरी असायची. आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, आणि काट्यावर माल भरलेला ट्रक उभा असताना मशीन बंद पडून परत चालू झालं तर ते त्या ट्रकसकट शून्य धरून बसेल. मग सगळं वजन चुकणार. म्हणून बॅटरीवर शून्यही लक्षात राहायचं आणि आकडाही चालू राहायचा, फक्त प्रिंटरला मेनची लाईट लागायची. मी मागचं कव्हर उघडलं आणि बॅटरीच्या वायरला हात घातला.

"ती काढू नका!" शोभा एकदम ओरडली. "ती काढली तर शून्य जाईल."

"जाऊ दे की वहिनी! बंद काट्याचं शून्य ठेवून करायचंय काय?"

दारातल्या नानांनी हातातली बशी बाजूला ठेवली. मग ते खाली उंबऱ्यावरच बसले.

"मी सांगस," ते म्हणाले. "आजलोंग कोनलेच नही सांगेल."

शून्याचं आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्लॅटफॉर्मवर चिखल, सरकी, काहीबाही पडतं, मग रिकामा काटाही वीस-तीस किलो दाखवतो. अशा वेळी शून्याचं बटण दाबायचं. काटा तेवढं वजन विसरतो आणि तिथून पुढे मोजतो. नानांना तर त्याची सवयच लागली होती. खोलीत पाऊल टाकलं, समोर आकडा दिसला, की दाब बटण.

त्या सकाळी विलास प्लॅटफॉर्मवर उभा होता. हातात झाकण उघडायची सळई. नाना आत आले, आकडा पाहिला, आणि सवयीने बटण दाबलं. विलासला ते खिडकीतून दिसलं.

"तो हासना," नाना म्हणाले. "म्हने, नाना, माले बी शून्य करी टाकं का?... मीबी हासनू. मंग फोन वाजना, मी तिकडे गऊ. तो खाले उतरना. वर काही उना नही."

नाना तळहाताने जमीन पुसत होते, सांडलेला चहा पुसावा तसे, पण चहा तिथे नव्हता.

"त्यानंतर शून्याला कोणी हात लावला?" मी विचारलं.

"मी तर मशीनकडे देखेलबी नही."

"कोणी नाही," शोभा म्हणाली. "मी लावूच दिला नाही."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो पडला नसता तर बरं झालं असतं. माणूस काट्यावर उभा असताना शून्य केलं असेल, तर तो माणूस उतरल्यावर काट्याने त्याचं वजन उणे दाखवायला हवं. हवंच! यात इकडचं तिकडे होत नाही. विलास साठ किलोचा. हंगाम सुरू होताना सगळे हमाल गंमत म्हणून काट्यावर उभे राहायचे, तोही राहायचा, शोभाला पक्कं माहीत होतं. म्हणजे रिकाम्या काट्यावर आकडा हवा उणे साठ.

समोर मशीनवर लाल अक्षरात शून्य होतं. त्या ढिगातल्या प्रत्येक कागदावर शून्य होतं.

मी बाहेर धावलो. म्हटलं, काटाच मेला असेल, अडकला असेल. प्लॅटफॉर्मवर चढलो. "नाना, आकडा सांगा!" आतून आवाज आला, "सत्तर!" माझं वजन सत्तर. उतरलो. "आता?" "शून्य!" झाडू घेऊन अख्खा प्लॅटफॉर्म झाडला, कापसाचं बोंड ठेवलं नाही. शून्य. झाकणातून वाकून खाली पाहिलं. काळं पाणी, त्यावर तरंगणारा कापूस, आणि कशाचाच टेका नाही, काही अडकलेलं नाही. भर दुपार, डोक्यावर ऊन, आणि मला हुडहुडी भरल्यासारखं झालं. कारण तेव्हा लक्षात आलं, की मी ज्या प्लॅटफॉर्मवर गुडघे टेकून वाकलोय त्याच्यावर मी एकटा नाही. काटा तसं सांगतोय.

कसा खाली आलो ते आठवत नाही. खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. शोभा माझ्याकडे बघत होती.

"कळलं ना तुम्हाला आता?" ती म्हणाली. "ते उतरलेच नाहीत अजून."

"वहिनी, हे... तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"कागद यायला लागले तेव्हापासून. त्यांनीच शिकवलं होतं मला काट्याचं. आपल्याकडे आतून हाक दिल्याशिवाय काट्यावरून कोणी उतरत नाही. ड्रायव्हर असो, हमाल असो. 'उतरा' म्हटलं की उतरायचं. यांना कोणी हाक दिलीच नाही ना..."

खरं होतं. सगळ्या जिनिंगवर हीच पद्धत. भरलेल्या ट्रकचं वजन नोंदवून होईपर्यंत कोणी हलायचं नाही. हललं की आकडा हलतो.

"मग तुम्ही का नाही दिली?" असं विचारलं आणि जीभ चावली. ती नवऱ्याचं नाव घेत नव्हती. एवढ्या बोलण्यात एकदाही घेतलं नव्हतं. तिच्या घरात ती पद्धतच नव्हती. पण तिने जे उत्तर दिलं ते वेगळंच होतं.

"दिली तर जातील."

खाली उंबऱ्यावर नाना हे सगळं ऐकत होते. मी त्यांच्या खांद्याला धरून उठवलं. मला धीर वगैरे काही नव्हता, खोटं कशाला सांगू. मला फक्त तिथून निघायचं होतं. पण ती ओली साडी दिसत होती. ही बाई आज ना उद्या त्या पाण्यात बसलेली सापडेल, हे मला शून्याइतकंच स्पष्ट दिसत होतं.

"नाना, हाक द्या. बटण तुम्ही दाबलंय, तुमचीच हाक लागेल."

"मनाथीन ते नाव निघस नही साहेब..."

"नाना!"

ते खिडकीशी गेले. गज धरले. शोभाने त्यांचा हात ओढला, "नका ना, नाना, नका," आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. तरी बोलले. आधी नुसता घसा खाकरला. मग —

"विलास... उतर रे भाऊ. उतर आते."

बाहेर प्लॅटफॉर्म वाजला. धप्प. माणूस लोखंडावरून खाली उतरताना पत्रा मागे येतो, त्याचा जो आवाज होतो, तो. हा आवाज मी हजारदा ऐकलाय, त्यात माझी चूक होणार नाही. मशीनचा आकडा हलला. हलला आणि थांबला. उणे साठ.

प्लग उपटलेला होता. तरी प्रिंटर एकदाच चालला. कागदावर 'रिन्यू' नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त वजन : -६०.

शोभा उघड्या दाराकडे बघत राहिली. "कुठे गेले?" एवढंच म्हणाली. माझ्यात तिथे थांबायची ताकद नव्हती. हत्यारांची पिशवी तिथेच टाकून मी फाटकाकडे निघालो, आणि चालता चालता पळायला लागलो. एसटीत खिडकीची जागा रिकामी होती, ती सोडून मी दोन माणसांच्या मध्ये घुसून बसलो.

पुढे नानांचा फोन आला. कागद बंद झाले. झाकणावर त्यांनी सिमेंट ओतलं. शोभा भावाबरोबर धुळ्याला गेली, काही कटकट न करता गेली. "तुमनं भलं व्होवो," म्हणाले. ऑफिसात मी कोणाला काही बोललो नाही. बॅटरीचा लोचा होता, असं सांगितलं. आणि हळूहळू मलाही ते पटायला लागलं. पत्रा उन्हाने तापून वाजला असेल, प्लॅटफॉर्मखालच्या वजन मोजणाऱ्या सेलमध्ये पाणी गेलं असेल... माणूस स्वतःची समजूत घालतोच.

वर्षभराने धुळ्याची एक तक्रार आली. धान्याचं दुकान. पोती मोजायचा छोटा काटा मधेच भलतंच वजन दाखवतो म्हणे. गेलो, तर गल्ल्यावरच्या माणसाने हात जोडले. "मी अशोक. शोभाताईचा भाऊ. नानांनी तुमचं नाव सांगितलं."

वजनं ठेवून काटा तपासला. अगदी चोख. म्हटलं, यात काही नाही.

"असा बरोबरच चालतो हो," अशोक म्हणाला. "ताई चढली की बिघडतो. मागे गंमत म्हणून उभी राहिली तर... थांबा, दाखवतोच. ताई! जरा इकडे ये गं."

शोभा आतून आली. मला पाहून छान हसली. अंगाने थोडी भरली होती, केसांत अबोली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी क्षणभर सगळं विसरलो. ती काट्याकडे पाहून थबकली. "कशाला रे उगाच," म्हणाली. पण भावाने धरून उभी केली.

एवढीशी बाई. पंचेचाळीस किलो असेल फार तर.

काट्यावर आकडा आला, एकशे पाच.

"बघा!" अशोक म्हणाला. "आहे की नाही बिघाड?"

माझं बोट सवयीने शून्याच्या बटणाकडे गेलं. शोभा किंचित वाकली, भावाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "शून्य करू नका भाऊ. एकदा केलं तेवढं पुरे झालं."

मी हात मागे घेतला. ती काट्यावरून उतरली. दोन्ही पाय जमिनीवर आले तिचे, मी नीट पाहिलं. पदर सावरून ती आत जायला वळलीसुद्धा. आणि आकडा साठवर उभा होता. मग पत्रा वाजला, आणि शून्य झालं.

मी रिपोर्टवर 'मशीन ओके' लिहिलं आणि सही केली. अशोकने पुढे दुसऱ्या कंपनीचा काटा घेतला, असं ऐकलं. तो कसा चालला ते विचारायला मी गेलो नाही.

यावर मला कोणी काही सांगेल अशी आशा नाही. दोन-तीन मोठ्या इंजिनियर लोकांना नाव न सांगता विचारून पाहिलं. सेल, वायरिंग, ओल... जे त्यांनी सांगितलं ते सगळं मला आधीच माहीत होतं. मी आता रिटायर झालोय. पण नोकरीत होतो तोवर शून्याचं बटण दाबण्याआधी मी खिडकीतून काट्याकडे पाहायचो. कोणी दिसलं नाही, तरी आधी हाक द्यायचो — उतरा. पोरं हसायची मला. मग मी पत्रा वाजतोय का ते ऐकायचो, आणि मगच बटण दाबायचो.